जुन्या शेवरोले पिकअपमध्ये नव्या पिढीचं ५.३ इंजिन बसवताना

१९८८ ते १९९८ मधल्या शेवरोले किंवा जीएमसी पिकअपचं बॉनेट उघडलं की आत जागा भरपूर दिसते. १९९९ नंतरच्या पिकअपमधलं ५.३ लिटरचं व्ही-८ तिथे बसेल का, असं कुणी विचारलं तर उत्तर सरळ आहे: बसेल. मी माझ्या १९८९ च्या सी-१५०० मध्ये २००२ चं ५.३ बसवलं, तेव्हा इंजिन चॅसिसवर टेकायला एक दुपार पुरली. गाडी रस्त्यावर यायला मात्र पाच महिने लागले.

ते पाच महिने इंजिनापायी गेले नाहीत. एक स्पेसर (फट भरणारी चकती), चार बोल्ट, एक वायर आणि सुटं सुटं गोळा केलेलं सामान यांत ते गेले. म्हणून हे काम पहिल्यांदाच करणाऱ्याला माझं सांगणं एकच आहे. नुसतं इंजिन विकत घेऊ नका, एकाच गाडीतून निघालेला पूर्ण संच घ्या. पुढे जे काही लिहिलंय त्यातल्या निम्म्या अडचणी संच असला तर उद्भवतच नाहीत.

१. आधी इंजिनाची पिढी ओळखा

शेवरोलेचं मूळ स्मॉल ब्लॉक व्ही-८ १९५५ मॉडेलपासूनचं. १९८८ ते १९९५ च्या पिकअपमध्ये त्याच घराण्यातलं, थ्रॉटल बॉडी इंजेक्शनचं (थ्रॉटल म्हणजे हवेच्या झडपेपाशीच पेट्रोल फवारणारं) ५.० किंवा ५.७ असतं. १९९६ मध्ये त्याचं सुधारलेलं व्होर्टेक रूप आलं. पिकअपमध्ये १९९९ पासून आलेली ४.८, ५.३ आणि ६.० लिटरची इंजिनं मात्र मुळातूनच वेगळी आहेत. त्यांना तिसरी पिढी म्हणतात. चौथी पिढी पिकअपमध्ये प्रामुख्याने २००७ ते २०१३ या काळात दिसते आणि २०१४ पासून थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणारी पाचवी पिढी येते.

तिसऱ्या आणि चौथ्या पिढीतला फरक बाहेरूनच कळतो. कॅम सेन्सर मागे, इनटेक मॅनिफोल्डच्या पाठीशी असेल तर तिसरी पिढी. पुढच्या टायमिंग कव्हरवर असेल तर चौथी. नॉक सेन्सर तिसऱ्या पिढीत इनटेकखाली दडलेले असतात, चौथीत ब्लॉकच्या बाजूंना. आतली खूण याहून महत्त्वाची आहे. क्रँकवरच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यावरच्या) सेन्सर चक्राला तिसऱ्या पिढीत २४ खुणा असतात, चौथीत सहसा ५८. त्यामुळे एका पिढीचा इंजिन चालवणारा संगणक दुसऱ्या पिढीच्या इंजिनाला तसाच जोडला तर गाडी सुरूच होत नाही.

डोनर गाडी, म्हणजे जिच्यातून इंजिन निघालं ती, समोर असेल तर तिच्या सतरा अंकी ओळख क्रमांकातलं आठवं अक्षर बघा. १९९९ ते २००७ च्या पिकअपमध्ये टी म्हणजे नेहमीचं लोखंडी ब्लॉकचं ५.३, व्ही म्हणजे ४.८, यू म्हणजे ६.०, आणि झेड म्हणजे इथेनॉल मिश्रणावरही चालणारं ५.३. विकणाऱ्याच्या तोंडी माहितीपेक्षा या एका अक्षरावर विश्वास ठेवा. ४.८ आणि ५.३ बाहेरून सारखीच दिसतात. बोअर दोन्हींचा एकच, फरक फक्त स्ट्रोकचा.

पहिल्यांदा करणाऱ्यासाठी माझी निवड ठाम आहे: १९९९ ते २००२ चं, केबलने चालणाऱ्या थ्रॉटलचं ५.३. वायरिंग कमी, इलेक्ट्रॉनिक पेडलची भानगड नाही आणि जुन्या गाडीची ॲक्सिलरेटर केबल थोड्या खटपटीत जोडता येते.

घेण्यापूर्वी दोन गोष्टी तपासा. २००१ नंतरच्या काही ५.३ वर ७०६ क्रमांकाची हेड असतात. त्यांतल्या कास्टेकची खूण असलेल्या काही हेडना आतून तडा जातो आणि बाहेर थेंबही न दिसता कूलंट कमी होत राहतो. टॅपेट कव्हर काढून आत गुलाबी-तपकिरी चिकटा दिसला तर ते इंजिन तिथेच सोडा. दुसरं म्हणजे २००७ नंतरच्या बऱ्याच ५.३ मध्ये हलक्या भाराला चार सिलिंडर बंद करणारी यंत्रणा असते आणि तिचे लिफ्टर खराब होतात. जुन्या गाडीसाठी ही डोकेदुखी मुद्दाम विकत घेऊ नये.

२. उलटी अदलाबदल टाळा

नव्या पिकअपचं इंजिन गेलं म्हणून त्यात जुनं, साधं ५.७ टाकावं, असा विचार बरेचजण करतात. लोखंडाच्या दृष्टीने ते जमेलही. पण १९९९ नंतरच्या पिकअपमध्ये इंजिनाचा संगणक, मीटर, चोरीविरोधी यंत्रणा आणि ब्रेकचा संगणक एकमेकांशी बोलत असतात. इंजिनाच्या संगणकाकडून काहीच ऐकू आलं नाही की बाकीचे रुसतात. मीटर मरतात, दिवे लागतात आणि काही वेळा स्टार्टरच फिरत नाही.

कायदाही इथे आडवा येतो. अमेरिकेत रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत बसवायचं इंजिन गाडीच्या वर्षाचं किंवा त्याहून नवं असावं आणि त्या इंजिनाबरोबर आलेली प्रदूषण नियंत्रणाची सगळी सामग्री सोबत यावी, ही मूळ अट. १९८९ च्या गाडीत २००२ चं इंजिन त्यात बसतं. २००२ च्या गाडीत १९८९ चं बसत नाही.

३. कागद आधी, पाने-पकड नंतर

तुमच्या राज्याचे नियम इंजिन विकत घेण्याच्या आधी वाचा. कॅलिफोर्नियात असं काम झाल्यावर गाडी रेफरीकडे, म्हणजे तिथल्या खास तपासणी केंद्राकडे, तपासून घ्यावी लागते. १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना तिथे धुराच्या तपासणीतून सूट आहे. इतर राज्यांचे नियम वेगळे आहेत. कुठेही असलात तरी एवढं जपून ठेवा:

- इंजिन खरेदीची पावती, त्यावर डोनर गाडीचा पूर्ण ओळख क्रमांक
- डोनर गाडीच्या बॉनेटखालच्या प्रदूषण नियंत्रणाच्या लेबलचा स्वच्छ फोटो
- किती मैल चालली होती त्याची नोंद, शक्य असेल तर मीटरचा फोटो
- संगणकाचा सर्व्हिस क्रमांक आणि तो कुणी, काय बदल करून प्रोग्रॅम केला त्याची नोंद

लेबलचा फोटो मला जवळजवळ राहिलाच होता. तपासणी करणारा माणूस तेच आधी मागतो, कारण या इंजिनावर कोणती सामग्री असायला हवी हे त्या लेबलवर लिहिलेलं असतं.

४. संचात काय काय यायला हवं

डोनर गाडीतून हे सगळं एकदम उचला: इंजिन, त्याची पूर्ण हार्नेस (वायरिंगची जुडी) फ्यूज बॉक्सपर्यंत न कापता, संगणक, गिअरबॉक्स आणि टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा), फ्लेक्सप्लेट (कन्व्हर्टर क्रँकला जोडणारी तबकडी), स्टार्टर, अल्टरनेटर, पॉवर स्टिअरिंगचा पंप, पुढचे सगळे ब्रॅकेट आणि पट्टा, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, ऑक्सिजन सेन्सर आणि एअर फिल्टरजवळचा हवामापक सेन्सर. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कायद्याने जुने वापरता येत असतील तर तेही. नाही तर इंजिनाच्या वर्षाला मान्य असलेले नवे घ्या.

इंजिन इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलचं असेल तर आणखी तीन वस्तू: थ्रॉटल बॉडी, पेडल आणि तिसऱ्या पिढीत या दोघांच्या मधलं नियंत्रक मॉड्यूल. ही त्रयी एकाच गाडीची असावी. पेडल एकीकडचं आणि मॉड्यूल दुसरीकडचं असलं की संगणक ताकद कमी करून टाकतो आणि गाडी रांगत चालते. प्लग सारखा दिसतो, बसतोही. म्हणूनच माणूस फसतो.

गिअरबॉक्स घेताना डोनर दोन चाकी ओढीची होती की चार, हे विचारा. चार चाकी ओढीच्या गिअरबॉक्सचा मागचा शाफ्ट ट्रान्सफर केससाठी (पुढच्या चाकांनाही ताकद वाटून देणाऱ्या पेटीसाठी) असतो. तो दोन चाकी ओढीच्या गाडीत जसाच्या तसा लागत नाही.

५. साधनं

इंजिन उचलायची क्रेन, गाडी टेकवायला दोन टनांच्या वरच्या चार भक्कम घोड्या, टॉर्क पाना, मिलिमीटरचे पाने, मल्टिमीटर, पेट्रोलचा दाब मोजायचं मीटर आणि संगणकाशी बोलणारं चांगलं स्कॅनर. गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नका.

मिलिमीटरचे पाने म्हणालो त्याला कारण आहे. जुन्या स्मॉल ब्लॉकचे आटे इंचातले आणि नव्याचे मेट्रिक. जुन्या बेलहाउसिंगचे (गिअरबॉक्सच्या इंजिनाला जोडणाऱ्या पुढच्या कवचाचे) ३/८ इंची बोल्ट आणि नव्याचे १० मिमीचे बोल्ट हातात घेतले तर डोळ्यांना फरक कळत नाही. पण अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये किंवा कव्हरमध्ये चुकीचा बोल्ट पान्याने रेटला की आटे गेलेच म्हणायचे. जुने बोल्ट एका डब्यात बंद करून दुसऱ्या खोलीत ठेवा. प्रत्येक बोल्ट पहिले तीन-चार फेरे हातानेच फिरला पाहिजे. अडला तर थांबा.

६. गिअरबॉक्सची जुळणी

बेलहाउसिंगवरची बोल्टांची रचना जुन्या आणि नव्या पिढीत जवळपास एकच आहे. जुन्या सहा जागांपैकी एक नव्या ब्लॉकवर नाही, पण उरलेल्या पाचांवर गिअरबॉक्स नीट बसतो. त्यामुळे माझ्या गाडीत मूळचा असलेला ७००आर४ हा गिअरबॉक्स नव्या इंजिनाला लावता येतो. लोक लावतातही. मी तो लावला आणि मग काढला. का, ते सांगतो.

नव्या इंजिनाचा क्रँक मागच्या बाजूला जुन्यापेक्षा सुमारे १० मिमी आत संपतो. १९९९ आणि २००० चं ६.० याला अपवाद आहे, त्याचा क्रँक लांब असतो. या १० मिमीसाठी क्रँक आणि फ्लेक्सप्लेट यांच्यामध्ये स्पेसर आणि लांब बोल्ट लागतात. स्पेसर न घालता टॉर्क कन्व्हर्टर पुढे ओढून बोल्ट लावले तर तो गिअरबॉक्सच्या पंपातून अर्धवट बाहेर राहतो आणि त्याच्या पुढच्या नाकाला क्रँकमध्ये आधार मिळत नाही. थोड्याच दिवसांत पंप जातो.

याच्या उलट चूकही तितकीच महागात पडते. कन्व्हर्टर गिअरबॉक्समध्ये पुरता बसला नसताना इंजिन आणि बेलहाउसिंग बोल्टांनी आवळून जवळ आणणं. कन्व्हर्टर फिरवत आत ढकला. एकामागून एक टप्प्यांत तो खाली उतरतो आणि प्रत्येक वेळी हाताला टक्क जाणवतं. बेलहाउसिंग आणि ब्लॉक हातानेच एकमेकांना भिडले पाहिजेत. भिडल्यावर कन्व्हर्टर मोकळा फिरला पाहिजे आणि फ्लेक्सप्लेटपासून किंचित मागे असला पाहिजे. फिरत नसेल तर बोल्टाला हात लावू नका, सगळं मागे घ्या.

आता ७००आर४ मी का काढला. त्याच्या आतला तेलाचा दाब थ्रॉटलला जोडलेल्या टीव्ही (थ्रॉटल व्हॉल्व्ह) केबलवर ठरतो. ही केबल योग्य भूमितीत ओढली गेली नाही तर दाब कमी पडतो आणि क्लच जळतात. नव्या थ्रॉटल बॉडीवर ही केबल आपोआप जुळत नाही, त्यासाठी खास ब्रॅकेट लागतो आणि दाब मोजून ती लावावी लागते. मला ती खात्री कधी वाटली नाही. शेवटी डोनर गाडीचाच ४एल६०ई गिअरबॉक्स लावला. तो इलेक्ट्रॉनिक आहे आणि इंजिनाचा संगणकच त्याचे गिअर बदलतो. संच घ्या, असं मी सुरुवातीला म्हणालो ते या अनुभवातून.

एक इशारा मात्र आहे. ४एल६०ई हे नाव १९९३ पासून चालत आलंय. जुन्या इंजिनांसोबत आलेल्या गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट, कन्व्हर्टर आणि बेलहाउसिंग नव्यांपेक्षा वेगळे आहेत. नाव एक म्हणून अदलाबदल होते असं समजू नका.

गिअरबॉक्स बसल्यावर क्रॉसमेंबर कुठे येतो ते बघा आणि प्रॉपेलर शाफ्ट मोजल्याशिवाय कापायला देऊ नका.

७. फाउंडेशन, चेंबर आणि खालची जागा

जुन्या ब्लॉकला प्रत्येक बाजूला तीन बोल्टांचं फाउंडेशन (इंजिन चॅसिसवर धरणारा आधार), नव्याला चार बोल्टांचं. मध्ये अ‍ॅडॅप्टर प्लेट लावली की जुन्याच जागी इंजिन बसतं. सरकत्या प्लेट घ्या. इंजिन थोडं पुढे-मागे करायची सोय मिळते आणि मागच्या फायरवॉलशी होणारी गर्दी सुटते.

ऑइल चेंबर पिकअपचाच असू द्या, स्पोर्ट्स कारचा नको. इंजिन टेकवल्यावर चेंबर आणि क्रॉसमेंबर, चार चाकी ओढीच्या गाडीत चेंबर आणि पुढचा डिफरन्शियल, यांच्यात बोट जाईल एवढी तरी फट हवी. इंजिन ताकद लावताना हलतं, हे लक्षात घेऊन मोजा. खाली बसणारा एसीचा कॉम्प्रेसर जुन्या चॅसिसच्या रेलला लागू शकतो. डावा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड स्टिअरिंगच्या शाफ्टजवळून जातो. ही दोन्ही ठिकाणं इंजिन क्रेनवर लटकत असतानाच तपासा.

चेंबर काढायची वेळ आलीच तर तेल ओढणाऱ्या नळीची ओ-रिंग बदला. जुनी झाली की ती कडक होते, हवा ओढते आणि तेलाचा दाब पडतो. छोटीशी रबराची कडी आहे, पण इंजिन गाडीत बसल्यावर तिथे हात पोहोचणं फार कष्टाचं.

८. पेट्रोल

१९८८ ते १९९५ च्या थ्रॉटल बॉडी गाडीतला पंप साधारण ९ ते १३ पीएसआय दाब देतो. नव्या इंजिनाला ५८ पीएसआय लागतो. म्हणजे टाकीत नवा पंप आणि टाकीपासून इंजिनावरच्या रेलपर्यंत (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीपर्यंत) तो दाब सोसणारी लाइन. जुना रबरी पाइप आणि साधा क्लँप इथे चालणार नाही. सुटलेल्या पाइपातून गरम मॅनिफोल्डवर पेट्रोल उडालं तर गाडी जळते. या भागात पैसे वाचवू नका.

१९९९ ते २००३ च्या बहुतेक इंजिनांत रेलवरच दाबाचा नियंत्रक असतो आणि जादा पेट्रोल टाकीकडे परततं. त्यानंतर ही परतीची लाइन गेली. तुमच्या रेलवर एक नळी आहे की दोन, ते बघूनच लाइन आखा.

९. पाणी

नव्या इंजिनाच्या हेडच्या वरच्या बाजूला वाफेची छोटी नळी असते. ती रेडिएटरच्या वरच्या भागात किंवा एक्सपान्शन टाकीत गेली पाहिजे. कुठे जोडायची ते न कळल्याने लोक ती बंद करून टाकतात. मग हेडमध्ये हवा अडकते. मीटर शांत दिसतो आणि आत हेड भाजत राहतं. थर्मोस्टॅट या इंजिनात पाणी आत येण्याच्या बाजूला असतो, त्यामुळे जुन्या होजची रचना तशीच राहत नाही.

१०. वायरिंग

माझ्या पाच महिन्यांतले दोन इथेच गेले. हार्नेस अंगणात पसरून प्रत्येक वायरला चिठ्ठी लावा. १९९९ ते २००२ च्या संगणकाला एक निळा आणि एक लाल प्लग असतो, २००३ पासूनच्याला निळा आणि हिरवा. दोघांची पिन-रचना वेगळी आहे, तेव्हा तुमच्याच प्लगांचा नकाशा वापरा.

सगळा पसारा आवरला की गाडीशी जोडायला थोड्याच वायर उरतात: बॅटरीचा कायमचा पुरवठा, किल्लीचा पुरवठा, अर्थिंग, पेट्रोल पंपाच्या रिलेला जाणारी वायर, मीटरच्या वायर, चेक इंजिनचा दिवा आणि डॅशखालचं तपासणी पोर्ट. शेवटच्या दोन गोष्टी गाळू नका. तपासणीत लागतात आणि बिघाड शोधताना तुम्हालाच लागतात.

तीन सापळे आहेत.

किल्लीचा पुरवठा कुठून घेता ते बघा. काही वायरना किल्ली चालू असताना करंट असतो, पण स्टार्टर फिरताना तो तुटतो. मी नेमकी तशीच वायर घेतली होती. स्टार्टर फिरायचा, इंजिन पेटायचं नाही, किल्ली सोडली की क्षणभर खोकायचं. दोन आठवडे मी सेन्सर बदलत बसलो. किल्ली स्टार्टच्या जागी धरून मल्टिमीटर लावा, एका मिनिटात कळतं.

दुसरा सापळा चोरीविरोधी यंत्रणेचा. ती संगणकातून बंद करून घेतली नसेल तर इंजिन सुरू होतं आणि साधारण दोन सेकंदांत मरतं. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. हे लक्षण दिसलं तर पेट्रोलकडे जाऊ नका, संगणक प्रोग्रॅम करून घ्या. त्याच वेळी गिअरबॉक्स, चाकांचा आकार आणि डिफरन्शियलचं गुणोत्तरही त्यात भरून घ्या. मागचे ऑक्सिजन सेन्सर बंद करून देतो असं कुणी म्हणालं तर रस्त्यावरच्या गाडीसाठी नकार द्या.

तिसरा अर्थिंगचा. इंजिन ते चॅसिस, इंजिन ते बॉडी आणि बॅटरी ते इंजिन, तिन्ही जाड पट्ट्या रंग खरवडून उघड्या लोखंडावर लावा. ज्या बिघाडाला काही तर्क लागत नाही तो बहुतेकदा इथेच सापडतो.

११. मीटर

जुन्या डॅशच्या तापमानाच्या मीटरला त्याचाच जुना सेन्डर हवा. नव्या हेडच्या मागच्या टोकाला असलेली बूच काढून तिथे अ‍ॅडॅप्टरने तो बसतो. नव्या संगणकाचा सेन्सर त्याच्या जागी राहू द्या. आरपीएमचा काटा अर्धाच आकडा दाखवेल, कारण पिकअपचा संगणक चार सिलिंडरसारखा संकेत देतो. इंजिन खराब नाही, प्रोग्रॅममधून तो संकेत बदलता येतो.

१२. पहिला स्टार्ट

तेल भरा, पेट्रोल पंपाचा फ्यूज काढा आणि थोडं थोडं थांबून स्टार्टर फिरवा. तेलाच्या दाबाचा काटा हलेपर्यंत इंजिन पेटू द्यायचं नाही. काटा हलला की फ्यूज लावा, किल्ली नुसती चालू करून लाइनचा दाब मीटरवर बघा आणि टाकीपासून रेलपर्यंत प्रत्येक सांधा हाताने चाचपा. एक माणूस अग्निशामक घेऊन बाजूला उभा असावा.

इंजिन सुरू झाल्यावर रेडिएटर भरत राहा, हवा बाहेर पडेपर्यंत. गरम झाल्यावर स्कॅनरने क्रँक सेन्सरची पुनर्नोंद करून घ्या. संगणक किंवा सेन्सर बदलल्यावर ती लागते, नाही तर पी१३३६ हा कोड येत राहतो. गिअरबॉक्सचं तेल इंजिन चालू असताना, सगळे गिअर एकदा फिरवून मग मोजा.

पहिल्या आठवड्यात रोज सकाळी गाडीखाली पुठ्ठा टाकून थेंब बघा. पहिल्या शंभर मैलांनंतर कन्व्हर्टरचे, एक्झॉस्टचे आणि फाउंडेशनचे बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा. माझ्या गाडीत फाउंडेशनचा एक बोल्ट तेव्हा सैल सापडला होता.